डाव्या पायाची नस

मुबारक शेख यांनी आपल्या बायकोला तेवीस वर्षं एक खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यात मी त्यांची साथीदार होते. हे आधीच कबूल करून टाकते. पुढे मी शहाणपणाच्या गोष्टी करायला लागले तर वाचणाऱ्याने त्या बेतानेच घ्याव्यात.

खोटं अगदी साधं होतं. "कॉलेजात स्टोअरला आहे," एवढंच. मेडिकल कॉलेजात ते होते हे खरं, स्टोअरला मात्र कधीच नव्हते. जिथे पहिल्या वर्षाची पोरं मृतदेहांवर शिकतात त्या हॉलचे ते अटेंडंट होते. बेवारस बॉडी आली की उतरवून घ्यायची, धुवायची, तिच्यात औषध भरायचं, टाकीत ठेवायची, सकाळी टेबलावर काढायची आणि संध्याकाळी पुन्हा झाकायची, हे त्यांचं काम. आम्ही पोरं त्यांना मुबारकमामा म्हणायचो. प्रत्येक बॉडीवरची चादर काढताना ते हळूच बिस्मिल्ला म्हणत. मी कान देऊन ऐकलेलं आहे.

लग्न ठरताना होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, काम काय करता? मय्यतीला सुरी लावणं म्हणजे तिची बेअदबी, असं मानणारं घर. मामांच्या तोंडून "स्टोअर" निघून गेलं. त्यांना वाटलं होतं, पुढेमागे सांगू. पण पहिल्या वर्षात सांगितलं नाही, ते दहाव्या वर्षी कसं सांगणार? ते रोज कॉलेजातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जायचे. उरलासुरला वास औषधांच्या नावावर खपायचा. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी जेवायला बसले होते तेव्हा खुलताबादच्या पाहुण्यांपैकी एका बाईने मला सरळ विचारलं, "डॉक्टरीणबाई, मुबारकभाई तिथं नेमके कशावर आहेत?" मी बिर्याणीचा घास गिळला आणि म्हटलं, "स्टोअर सांभाळतात." ती बाई म्हणजे मुलीची सासू, हे मला नंतर कळलं.

मी त्यांच्यासाठी खोटं बोलले, कारण मी त्यांचं देणं लागत होते. मी सुकेशनी, पाचोडकडच्या खेड्यातून आलेली, पहिल्याच तोंडी परीक्षेत आपटलेली. सरांनी विचारलं होतं, कमरेतल्या डाव्या बाजूच्या मोठ्या निळ्या नसेच्या पुढून काय जातं? मला नसच सापडेना, तर तिच्या पुढचं काय सांगणार! सगळे गेल्यावर मी हॉलच्या कोपऱ्यात नाक पुसत उभी होते. मामा फरशी पुसत होते. ते म्हणाले, "रडून नस सापडत नसती ताई. इकडं या."

त्यांनी एका बाईच्या कमरेचा नमुना काढला. लाल नसांत लाल रंग भरलेला, निळ्यांत निळा. "रंग मीच भरलाय," ते म्हणाले. "निळा रंग पायाकडून वर भरावा लागतो. वरून खाली भराल तर आत झडपा असतात, त्या उतरू देत नाहीत. रक्ताचा पण रस्ता तोच, पायातून वर, काळजाकडं. उजव्या पायाचा रंग सरळ वर जातो. डाव्याचा मात्र इथं येऊन अडतो. दरवेळी. पिचकारी जरा जोरानं दाबावी लागती." मग त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. उजवीकडे जाणारी लाल नस आडवी येऊन डाव्या निळीच्या अंगावरून गेलेली होती, आणि मागे मणक्याचं हाड. "ही बिचारी मधी दबती. सरांनी एकदा सांगितलं होतं, बाळंतिणीचा पाय सुजला आणि एकच सुजला, तर बहुतेक डावा असतो. का, ते तुमच्या बोटाखाली आहे." पुस्तकातली चार पानं मला त्या मिनिटभरात कळली. पुढे मी पास झाले, डॉक्टर झाले, पाचोडला दवाखाना टाकला. मामांचा पगार आणि हुद्दा मात्र तिथेच राहिला, आणि त्यांना त्याची फिकीरही नव्हती.

त्यांची फिकीर एकच, जन्नत. उशिरा झालेलं लग्न, आणि एकुलती एक मुलगी. मामा तिच्यासमोर सगळं हरायचे. पत्ते, भांडण, शेवटचा आंबा, सगळं.

ही गोष्ट घडली २०१३ च्या मे महिन्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दौलताबाद रस्त्याला पडेगावच्या माळावर गुंठेवारीचे प्लॉट पडले होते, आणि मामांनी तिथे वीस बाय तीसच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. शहर त्या बाजूला भराभर सरकत होतं, पाण्याचे पाइप मात्र सरकत नव्हते. त्यात त्या सालचा दुष्काळ. चार-पाच दिवसांनी टँकर यायचा आणि गल्लीत ड्रम, कळशा, डबे, तेलाचे पत्रे यांची रांग लागायची. कॉलेजातही नळाला पाणी नव्हतं. मामांची तिथली अंघोळ बंद झाली होती, आणि ते दोन-तीन महिने घरी आल्यावर बायकोपासून हातभर लांब बसायचे.

जन्नत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. बाळंतपण सरळ झालं, तिसऱ्या दिवशी घरी आणली. आणि मग आपल्याकडे बाळंतिणीचं जे जे करतात ते सगळं राहतभाभींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, मनापासून सुरू केलं. खिडकी बंद. बाजेखाली शेगडी, बाहेर बेचाळीस डिग्री असताना. पोट फडक्याने घट्ट आवळलेलं. बाजेवरून खाली पाय ठेवायचा नाही. पाणी प्यायला द्यायचं ते ओव्याचं, उकळलेलं, दिवसाला दोन-तीन वाट्या. यात तर दुष्काळ आणि रीत यांचं चांगलंच जमलं. जन्नत स्वतःही पाणी टाळायची, कारण संडासाला गेलं की डबाभर पाणी खर्च होणार. मी डॉक्टर असून या प्रत्येक गोष्टीवर चिडते, आणि माझ्या स्वतःच्या बाळंतपणात आईने हेच सगळं केलं तेव्हा गप्प बसले होते. तेव्हा माझ्या चिडण्याला किती अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा.

मालिशीला बानाबाई यायची. धनगराची बाई, पन्नाशीची, मूळची आमच्या पाचोडकडचीच. दुष्काळात मेंढरं गेली आणि नवरा-बायको पडेगावला मजुरीला आले. गेल्या वर्षभरात तिथल्या निम्म्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. हिंदू घर असो की मुसलमान, बानाबाईच्या हाताला मान होता आणि तो खोटा नव्हता. लसूण-ओवा घालून तापवलेल्या तेलाची वाटी शेजारी ठेवायची, पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत जांघेपर्यंत यायचं. "रगात वर चढवायचं," ती म्हणायची. वर्षानुवर्षं तिने ते चढवलं आणि बायांना त्याने बरंच वाटलं.

शुक्रवारी जेवताना राहतभाभी सहज म्हणाल्या, "जन्नतचा पाय जड झालाय. जांघेत दुखतंय म्हणती. बानाबाईला सांगितलंय जरा जोर लाव म्हणून."

या घरात आपसात दखनी बोलतात आणि बानाबाईशी मराठी. मी बहुतेक मराठीतच सांगते.

मामांच्या हातातला घास तसाच राहिला. "कोणता पाय?"

"कोणता म्हणजे?"

"डावा का उजवा?"

"डावा. तुम्हाला काय करायचंय बायकांच्या गोष्टीत?"

मामा काही बोलले नाहीत. हीच त्यांची चूक, आणि ती त्यांनी नंतर कुणापासून लपवली नाही. बाळंतपणात थोडीफार सूज येतेच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शनिवारी कॉलेजात गेल्यावर मात्र त्यांनी कमरेचा एक नमुना कपाटातून काढला आणि बराच वेळ त्यासमोर बसून राहिले. बोट त्या जागेवर ठेवून पाहिलं. आपण चुकतोय असं काहीतरी सापडावं, म्हणून ते बघत होते. तसं काही सापडलं नाही.

संध्याकाळी आज सांगायचंच असं ठरवून ते घरी आले, तर दारात खुलताबादच्या चपला. जन्नतची सासू खारीक, डिंक, बाळाचं कुंचडं घेऊन नातवाला बघायला आली होती. दर्ग्याजवळ त्यांचं चादरी-फुलांचं दुकान. मोठी नमाजी, मोठ्या जिभेची बाई. तिच्यासमोर कसं बोलणार? मुलीचा बाप मय्यती फाडतो हे कळलं तर ती जन्नतला नांदवेल का, आणि जावई नोमान आईच्या शब्दाबाहेर जाईल का? मामा "पाय चोळू नका" एवढंच दोनदा म्हणाले. राहतभाभी हसून म्हणाल्या, "स्टोअरात बसून आता हकिमी पण शिकले." समधीण, म्हणजे विहीणबाई, पण हसली. मामा बाहेर ओट्यावर येऊन बसले.

समधीण रात्री मुक्कामालाच राहिली. रविवारी सकाळी बानाबाई आली. तेल तापल्याचा वास ओट्यावर आला. मामा उठून बाळ बघायच्या निमित्ताने आत डोकावले. गोधडीतून जन्नतचा डावा पाय बाहेर आला होता. घोट्यापासून वर सगळा ताठ, चकाकणारा, फिकट निळसर. उजव्याच्या दीडपट. कातडीखाली निळ्या रेघा उठलेल्या. असा पाय त्यांनी टेबलावर दोन-तीन वेळा पाहिला होता, आणि ती बाई का मेली हे सरांनी पोरांना सांगताना ऐकलंही होतं.

त्यांनी गल्लीत जाऊन मला फोन लावला. पाचोडला बाजाराचा दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोन प्रश्न विचारले आणि ओरडलेच. "मामा, आधी त्या मालिशवालीचा हात काढा पायावरून! आत्ता! आणि दवाखान्यात न्या, चालवत नेऊ नका."

"ताई, तुम्ही या."

"मला यायला दीड तास लागेल. तेवढा वेळ नाही."

"मग तुम्ही राहतला सांगा."

त्यांनी फोन आत नेऊन दिला. मी सांगितलं. चांगलं समजावून, सोप्या शब्दांत, डॉक्टरी आवाज लावून सांगितलं. राहतभाभी अदबीने म्हणाल्या, "जी. जी डॉक्टरीणबाई. ऊन उतरल्यावर दाखवून आणू." समधीण शेजारी होती, बाळंतिणीला भर उन्हात बाराव्या-तेराव्या दिवशी बाहेर काढायचं म्हणजे माहेरचा हलगर्जीपणा दिसणार. फोन कट झाला. माझ्या एमबीबीएसला त्या खोलीत तेलाच्या वाटीइतकीही किंमत नव्हती. मी पुन्हा लावला तर लागेना, आणि मी खुर्चीत बसून राहिले. इतकं निकामी मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

पुढचं मला बानाबाईने सांगितलं. तिची आठवण केसपेपरपेक्षा पक्की आहे.

तिने उजवा पाय संपवला होता आणि डाव्याच्या पोटरीला तेल लावलं होतं. जन्नत कण्हत होती. राहतभाभी म्हणाल्या, "थोडं सहन कर बेटा, मोकळा होईल." बानाबाईने अंगठे टेकवले. तेवढ्यात पडदा ओढला गेला आणि मामा आत आले. मुलीचा पाय मांडीपर्यंत उघडा, समधीण बसलेली, मालिश चालू, आणि पुरुष माणूस आत. जन्नतने चादर ओढली. राहतभाभी ओरडल्या, "अहो, काय करताय? बाहेर व्हा!"

मामांनी वाकून बानाबाईचं मनगट धरलं. "सोड. तिचा पाय सोड, बानाबाई."

"भाईसाब, होश में हो क्या?" समधीण उठून उभी राहिली.

बानाबाई म्हणते, मनगटावरची त्यांची पकड सुटत नव्हती.

"मी स्टोअरला नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतो. मय्यती फाडतात त्या हॉलात आहे, लग्नाच्या आधीपासून. ह्या हातांनी दोनशेच्या वर मय्यती उघडल्यात. बायांच्या पण. डाव्या पायाची नस पोटात कुठं दबती ते मी बोट लावून बघितलंय. तिथं हिचं रक्त गोठलंय. खालून दाबत वर नेलं तर ती गुठळी सुटंल, काळजात जाईल, तिथून फेफड्यात. मग कुणाच्या हातात काही राहणार नाय. राहत, मी खोटं बोललो तुझ्याशी. त्याचं काय करायचं ते नंतर कर. आधी हिला न्यायचंय."

बाळ कुरकुरायला लागलं.

"मुर्दे चीरते तुम?" समधीण म्हणाली, आणि तिने बाळाला उचलून आपल्या पदराखाली घेतलं.

राहतभाभी नुसत्या नवऱ्याच्या हातांकडे बघत होत्या.

बानाबाईने दोन्ही हात वर घेतले होते, तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने जे विचारलं ते मामांना सगळ्यात जास्त लागलं. "मंग आदी का नाय सांगितलं, भाऊ? तीन दिस झाले चोळतेय मी. परवा लई जोर लावला. आदी का नाय सांगितलं?"

आणि तेवढ्यात जन्नत खोकली. एकदा, दोनदा. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "अब्बा, इथं टोचतंय. श्वास घेतला की."

मामांना कळलं की एखादा तुकडा सुटला. मोठा असता तर पोरगी बोलू शकली नसती, हेही त्यांना कळलं. मोठा अजून आत होता.

गल्लीत नेमका टँकर आला होता. रिक्षा आत येईना. पाइपाभोवती बायांची झुंबड, दोन्ही बाजूंनी ड्रम. चालवायचं नाही म्हटल्यावर मामांनी बाजेचं डोकं धरलं. "पाय हलू देऊ नका." समोरची बाजू कोण धरणार? बानाबाईने पदराला तेल पुसलं आणि पायाकडचे दोन्ही खूर उचलले. मेंढरांच्या मागे उभं आयुष्य चाललेली बाई, तिला ओझं नवं नव्हतं. पण ती सांगते, "जिमिनीवर पाय पडतोय का नाय तेच कळंना. वाटायचं, धक्का लागला का मेली पोरगी. माझ्या हातानं मेली."

"बाजूला व्हा!" मामा ओरडत होते. चार दिवसांनी पाणी आलेलं, आधी कुणी हलेना. मग राहतभाभी पुढे झाल्या. त्यांनी रांगेतला पहिला भरलेला ड्रम दोन्ही हातांनी ढकलून आडवा केला. पाणी सगळ्या गल्लीत पसरलं. कुणाचा होता तो ड्रम, देव जाणे. बाया ओरडायला आल्या आणि बाजेवरच्या पोरीचं तोंड बघून मागे सरल्या. एकीने आपल्या कळश्या उचलल्या, दुसरीने पाइप धरला. बाज चिखलातून रस्त्यावर निघाली आणि सामान वाहणाऱ्या एका ॲपे रिक्षात आडवी ठेवली.

सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत जन्नतचे ओठ पांढरे पडले होते. मी तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन करून ठेवला होता, तेवढीच माझी कामगिरी. सोनोग्राफीत कमरेतल्या डाव्या नसेपासून मांडीपर्यंत गुठळी दिसली. नेमकी त्या जागेपासून, जिथे मामांनी माझं बोट ठेवलं होतं. ऑक्सिजन लावला, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. "बहात्तर तास काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मग विचारलं, "मालिश वेळेवर थांबवली कुणी?"

मामा खाली बघून म्हणाले, "घरच्यांनी."

मी दुपारी पोहोचले तेव्हा ते वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून बसले होते, आणि राहतभाभी त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. मधे पंधरा-वीस फूट मोकळे. मी कुणाजवळ बसू ते मला ठरवता येईना, म्हणून उभीच राहिले. तीन दिवस असेच गेले. त्या तीन दिवसांत प्रत्येक खोकल्याला ती दोघं एकदम उठायची आणि एकमेकांकडे न बघता पुन्हा बसायची.

जन्नत वाचली. दहा-बारा दिवसांनी घरी आली, गोळ्या बरेच महिने घ्यायच्या होत्या. नोमान दवाखान्यात येऊन गेला. बायकोचा हात धरून बसला, सासऱ्याला सलाम केला आणि त्या विषयावर अक्षर बोलला नाही. त्याच्या आईने मात्र निरोप पाठवला की सुनेला आम्ही नेऊ, पण नातू आजोबाच्या मांडीवर द्यायचा नाही.

निरोप यायच्या आधीच राहतभाभींनी तो पाळायला सुरुवात केली होती. ताट त्या हातात देत नसत, फरशीवर ठेवून मागे होत. मामांची बाज ओट्यावर गेली. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या पाण्यात. ज्या घरात तोंड धुतलेलं पाणी भांड्याला वापरत होते, त्या घरात एक अख्खी बादली नवऱ्याच्या कपड्यांवर खर्च व्हायची. मामा ते बघायचे. एकदा मला फोनवर म्हणाले, "पोरगी श्वास घेती, ताई. बाकी मी सहन करीन." पण त्यांचा आवाज सहन करणाऱ्या माणसाचा नव्हता.

जूनच्या मध्यात, चाळिसावा दिवस उलटल्यावर, मी जन्नतला तपासायला गेले. पाय बराच उतरला होता, ती घरात चालत होती. मी ओट्यावर मामांजवळ बसून गोळ्यांचा कागद लिहीत होते आणि बानाबाई आली. वाळलेली दिसत होती. त्या रविवारपासून तिने एकाही बाळंतिणीला हात लावला नव्हता. तीन घरची बोलावणी परत पाठवली होती.

ती खाली बसली. "भाऊ, माझे हातच उठंनात. डोळे मिटले का पोरींचे पाय दिसत्यात. आदी कोणकोण होती, कुणाचा डावा सुजला होता, काय बी आठवंना. एक केसरबाईची सून व्हती, बाळंतपणात वारली. लोक म्हनले, बाहेरचं झालं. आता मला वाटतंय..." मग म्हणाली, "मला दाखवा. नस कुठून कुठं जाती, कोणच्या पायाला हात लावायचा नाय. मला वाचता येत नाय, पण हाताला दाखवलं का माझा हात इसरत नाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॉलपेन पुढे केलं. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि स्वतःच्या डाव्या घोट्यापाशी पेन टेकवलं. शाई उमटेना. केसाळ, सुकलेला, साठीकडे झुकलेल्या माणसाचा पाय.

बानाबाईने वाकून बघितलं आणि मान हलवली. "गड्याचा पाय हाय, भाऊ. मला नाय समजत. बाईचा असता तर समजलं असतं."

माझा पाय पुढे करायला मी चप्पल काढतच होते. आतून राहतभाभी आल्या. त्या इतका वेळ पडद्यामागे होत्या, सगळं ऐकत होत्या. त्यांनी कुणाकडे न बघता सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली, बाजेवर बसल्या, आणि डावा पाय उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"ह्याच्यावर काढा," त्या म्हणाल्या.

मामा घाबरून उठायला लागले. "थांब. हात धुऊन येतो."

"बसा," राहतभाभी म्हणाल्या. "तसाच लावा."

मामांनी त्यांच्या घोट्याला हात लावला. हात तसाच राहिला, पेन पुढे सरकेना, आणि त्यांचे डोळे भरून आले. बानाबाई पुढे सरकून म्हणाली, "भाऊ, हितून सुरू व्हती का?"